दोन झिप फायली आतून सारख्या आहेत का, हे कसे तपासावे

नागपुरात बर्डीवरच्या डीटीपीच्या दुकानातून स्मरणिकेची ‘फायनल.झिप’ येते. दोन दिवसांनी ‘फायनल-२.झिप’ येते. आकार जवळपास तोच, आतली नावंही तीच दिसतात, आणि छपाईला जाण्याआधी प्रश्न उरतो: नेमकं बदललं काय? शंभर फायली एकेक उघडून बघायची गरज नाही. सेव्हन-झिप (झिप उघडणारं) आणि विनमर्ज (फायलींची तुलना करणारं) ही दोन फुकट साधनं विंडोजवर असली की पुरे.

आधी सगळ्यात सोपी तपासणी. झिपवर राइट क्लिक करा, सेव्हन-झिपच्या ‘सीआरसी एसएचए’ या मेनूत ‘एसएचए-२५६’ निवडा, म्हणजे त्या फाइलवरून काढलेला, तिच्या ठशासारखा एक लांब आकडा दिसेल. (विंडोज ११ मध्ये हा मेनू ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत सापडू शकतो.) दुसऱ्या झिपचंही तसंच करा. दोन्ही आकडे जुळले तर काम संपलं. नाही जुळले, तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. तोच मजकूर पुन्हा झिप केला तरी आतल्या फायलींचा क्रम, तारखा किंवा दाबण्याची (कॉम्प्रेशनची) पातळी बदलली की बाहेरचा आकडा बदलतो.

म्हणून खरी तुलना आतून करायची. झिपमध्ये प्रत्येक फाइलबरोबर तिच्या मूळ मजकुराचा सीआरसी-३२ हा आकडा साठवलेला असतो. तो मजकुरावरून काढतात. दाबण्याच्या पातळीशी किंवा तारखेशी त्याचा संबंध नाही. सेव्हन-झिपची मुख्य खिडकी उघडून एफ-९ दाबा, म्हणजे दोन कप्पे होतील. डावीकडे एक झिप उघडा, उजवीकडे दुसरी. दोन्ही कप्प्यांत ‘व्ह्यू’ मेनूतून ‘फ्लॅट व्ह्यू’ चालू करा, म्हणजे उपफोल्डरमधलं सगळं एकाच यादीत येतं. सीआरसीचा रकाना दिसत नसेल तर रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून तो आणा आणि दोन्हीकडे नावानुसार क्रम लावा. नाव, आकार आणि सीआरसी तिन्ही जुळले की ती फाइल तीच समजा. पंचवीस-तीस फायलींपर्यंत ही पद्धत सगळ्यात सोयीची, कारण काहीच उलगडावं (एक्स्ट्रॅक्ट करावं) लागत नाही.

फायली जास्त असतील किंवा आतला मजकूर ओळीओळीने बघायचा असेल तर विनमर्ज घ्या. कंट्रोल-ओ दाबा, दोन जागांवर दोन झिप द्या, उपफोल्डर धरण्याच्या चौकटीत खूण करा आणि तुलना सुरू करा. झिप फोल्डरसारखी उघडली नाही तर ‘ऑप्शन्स’मध्ये आर्काइव्हचा आधार चालू आहे का ते बघा. निकालात प्रत्येक फाइल सारखी, वेगळी, फक्त डावीकडची किंवा फक्त उजवीकडची अशी दिसते. ‘व्ह्यू’ मेनूतून सारख्या फायली लपवा. उरतं तेवढंच बघायचं. तुलनेची पद्धत ‘फुल कंटेंट्स’ ठेवा, तारखेवर अजिबात ठेवू नका. विनमर्ज आतून दोन्ही झिप तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो, त्यामुळे सी ड्राइव्हवर जागा मोकळी हवी.

तारखेवर भरवसा का नको? झिपच्या मूळ रचनेत वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदते आणि तिच्यासोबत वेळक्षेत्र नसतं. नागपुरात दुपारी ४ वाजता जतन केलेली फाइल, यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालणाऱ्या सर्व्हरवर झिप झाली तर सकाळी १०:३० ची दिसू शकते. मजकूर मात्र तोच.

निकालात सगळ्याच फायली ‘फक्त डावीकडे’ आणि ‘फक्त उजवीकडे’ अशा आल्या तर घाबरू नका. बहुधा एका झिपमध्ये बाहेरून एक जास्तीचा फोल्डर आहे, इतकंच. एकाने फोल्डर झिप केला, दुसऱ्याने फोल्डरच्या आतल्या फायली. दोन्ही झिप वेगवेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडा आणि समान पातळीवरचे फोल्डर विनमर्जला द्या. मॅकवरून आलेल्या झिपमध्ये ‘मॅकओएसएक्स’ नावाचा फोल्डर आणि ‘डीएस स्टोअर’ ही फाइल फुकटची येते. ती सोडून द्या.

मराठी नावांचा गोंधळ याहून चिवट. ‘वर्गणी देणाऱ्यांची यादी’ हे नाव दोन्हीकडे हुबेहूब दिसतं, तरी साधन त्या दोन फायली वेगळ्या धरतं. कारण ‘ऱ्य’ संगणकात एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. शिवाय काही मॅक संगणकांवर ‘ऱ’ फुटून ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) असा साठतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून अशा वेळी नाव बाजूला ठेवा आणि सीआरसी जुळवा. नावाच्या जागी भलतीच चिन्हं दिसली, तर ती झिप युनिकोडची (सगळ्या लिपींच्या सामायिक संकेतांची) खूण न लावणाऱ्या साधनाने बनवलेली असते. तिथेही हाच उपाय.

एक्सेलची किंवा वर्डची आजची फाइल हीसुद्धा आतून झिपच असते. ती नुसती उघडून पुन्हा जतन केली तरी आतली ‘बदलल्याची वेळ’ बदलते, सीआरसी वेगळा येतो, आणि तक्त्यात एकही आकडा बदललेला नसतो. अशी फाइल ‘वेगळी’ आली की ती एक्सेल किंवा वर्डमध्ये उघडूनच ठरवा.

पासवर्ड घातलेल्या काही झिपमध्ये सीआरसीच्या जागी शून्य असतं. उलगडल्याशिवाय गत्यंतर नाही. टार-जीझेड या दुसऱ्या प्रकारच्या गठ्ठा-फायलींचंही तेच. तिथे सीआरसी पूर्ण गठ्ठ्याचा एकच असतो, फाइलवार नसतो. आणि कोणी मुद्दाम फेरफार केल्याचा संशय असेल तर सीआरसी-३२ वर थांबू नका, तो जुळवून आणता येतो. दोन्ही झिप उलगडा आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ काढून ताडा.