घरी लिहिलेलं मृत्युपत्र साक्षीदारांपाशी अडतं

शंभराच्या बाँडवर मृत्युपत्र लिहून ट्रंकेत ठेवलं की झालं, असं नाही. त्याला स्टॅम्प लागतच नाही, साधा कागद चालतो. घोळ होतो तो साक्षीदारांचा.

१. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करा, मग त्यांच्या सह्या घ्या. मजकूर त्यांना वाचून दाखवायची गरज नाही.
२. ज्याला वाटा मिळणार, तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान बघा. तुमच्या मागं वाद झाला तर कोर्टात त्यालाच उभं राहावं लागतं.
३. ‘ओढ्याकडचं वावर’ लिहू नका. ताज्या सातबाऱ्यावरून गट नंबर आणि हेक्टर-आर उतरवा.

खाडाखोड झाली तर सरळ नवा कागद घ्या. वडिलोपार्जित रानात फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो.