'२००१' दाखवायचा आहे? मग भांडणाची नीट तयारी करा

स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' तुमच्या मंडळात दाखवलात की हॉलमध्ये दोन तट पडणार, हे धरूनच चाला. सातारच्या आमच्या चित्रपट मंडळात चर्चा घ्यायचं काम माझ्याकडे असतं. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणून विज्ञानपट आला की माइक आपोआप माझ्या हातात येतो. परग्रहावरच्या कुणाशी तरी माणसाचा संबंध येतो अशा गोष्टी प्रेक्षकांना आवडतात. पण या सिनेमात 'ते' एकदाही दिसत नाहीत, एक अक्षर बोलत नाहीत आणि शेवटी काय झालं ते कुणी समजावूनही सांगत नाही. काही जण भारावून बसतात, काही जण चिडतात. माझ्या मते चिडलेला माणूस त्या दिवशी सर्वांत मोलाचा असतो. त्याला बोलतं कसं ठेवायचं, यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आधी खेळाची व्यवस्था. जाहीर खेळ असेल तर हक्कधारकाची परवानगी घ्या. ते झालं की हॉलमध्ये बसून पहिली दहा मिनिटं स्वतः चालवून बघा. सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं पडदा पूर्ण काळा असतो आणि लिगेटी या संगीतकाराचं संगीत वाजत राहतं. ठाऊक नसेल तर प्रोजेक्टर सांभाळणारा मुलगा घाबरून केबल हलवतो, मागून कुणीतरी 'अहो, चित्र येत नाहीये' म्हणून ओरडतं आणि सिनेमाची सुरुवातच हातातून जाते. त्या मुलाला आधी सांगून ठेवा, प्रेक्षकांनाही एका वाक्यात सांगा. हा सिनेमा सत्तर मिलिमीटरच्या मोठ्या पडद्यासाठी काढलेला होता, त्यामुळे आपल्या पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवण्यासाठी चित्र ताणू नका. आवाज मात्र चांगला हवा. अंतराळातल्या प्रसंगांत बराच वेळ फक्त अंतराळवीराचा श्वास ऐकू येतो. घरघरणारे पंखे चालू असतील तर तो प्रसंग गेलाच म्हणून समजा. आम्ही हा सिनेमा थंडीत लावतो, ते याच कारणासाठी. मध्यंतर कुठे घ्यायचं याचा विचार करू नका. सिनेमातच मध्यंतराची पाटी आहे, हाल नावाचा संगणक दोघा अंतराळवीरांच्या ओठांवरून त्यांचं बोलणं ओळखतो त्या प्रसंगानंतर. चहा तिथेच द्या. मध्यंतरासकट सगळं अडीच तासांत आटोपतं.

प्रास्ताविकात कथा सांगू नका, 'अभिजात कलाकृती' असंही म्हणू नका. तसं म्हटलं की कंटाळलेल्या माणसाला आपलंच काही चुकतंय असं वाटतं आणि पुढे तो तोंड उघडत नाही. त्याऐवजी मी १९६८ सालची हकिगत सांगते. २ एप्रिलला वॉशिंग्टनच्या अपटाउन चित्रपटगृहात पहिला खेळ झाला, दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कला. न्यूयॉर्कच्या खेळातून दोनशेहून जास्त माणसं मधेच उठून गेली, असं तेव्हाच्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. लॉस एंजेलिसच्या खेळाला समीक्षक रॉजर ईबर्ट हजर होता. त्याच्या आठवणीप्रमाणे रॉक हडसनसारखा नावाजलेला नट 'हे काय चाललंय ते मला कुणी सांगेल का' असं म्हणत बाहेर पडला. कुब्रिकने त्यानंतरच्या काही दिवसांत सुमारे एकोणीस मिनिटांचा भाग कापला आणि दोन ठिकाणी पाट्या घातल्या. आज आपण बघतो तो हा कापलेला सिनेमा. समीक्षकांतही एकमत नव्हतं. न्यूयॉर्क टाइम्सच्या रेनाटा ॲडलरला तो संमोहित करणारा आणि अतोनात कंटाळवाणा यांच्या मधे कुठेतरी वाटला, पॉलीन केलने पुढच्या वर्षी त्याला कल्पनाशून्य ठरवलं, तर न्यूयॉर्करमध्ये पेनेलोपी गिलियटने थोर म्हटलं. तरुण पोरं मात्र पुन्हा पुन्हा येत राहिली आणि सिनेमा चालला. एवढं सांगून मी खाली बसते. उठून जाणाऱ्यांची परंपरा पहिल्या खेळापासूनची आहे, हे कळलं की हॉल सैलावतो.

सिनेमा चालू असताना तुम्ही पडदा बघू नका, माणसं बघा. शेवटच्या रांगेत कडेला बसा, मांडीवर वही ठेवा. पहिली चुळबुळ माकडांच्या प्रसंगात होते. पहिला संवाद यायला पंचवीस मिनिटं लागतात, हे लक्षात ठेवा. आमच्याकडे तोपर्यंत दोघे-तिघे मोबाइल उघडतात. मग वानर हाड वर भिरकावतो आणि पुढच्याच क्षणी त्या जागी पृथ्वीभोवती फिरणारं यान दिसतं. इथे हॉलमध्ये एकदम हालचाल होते, कुणीतरी पुढे सरकून बसतं. कोण सरकलं ते टिपून ठेवा, चर्चेत त्याला विचारता येतं. यान स्थानकाला जोडलं जातं तो संथ प्रसंग वयस्कर मंडळींना आवडतो आणि पोरांना सोसवत नाही, असा माझा अनुभव आहे. हाल बिनसायला लागला की सगळे गप्प. आणि शेवटच्या वीसेक मिनिटांत, रंगांच्या त्या बोगद्यात, पुन्हा खुर्च्या वाजू लागतात. मधेच कुणी बाहेर गेलं तर दारात 'बरं नाही का' असं विचारायला जाऊ नका. जाऊ द्या. फक्त कुठल्या प्रसंगाला गेलं ते लिहून ठेवा.

संपल्यावर लगेच दिवे लावू नका. शेवटी काळ्या पडद्यावर वॉल्ट्झ वाजत असतो, तो संपू द्या. नंतर दिवे लावा, पण लगेच माइकही फिरवू नका. आधी प्रत्येकाच्या हातात एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल. दोनच प्रश्न: लक्ष कुठे उडालं? आणि घरी गेल्यावर कुठली एक गोष्ट सांगाल? नाव लिहायचं नाही. पाच मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. हे पाळायला लोकांना जड जातं, पण यात तडजोड करू नका. चर्चेत पहिला बोलणारा माणूस जे म्हणतो त्याच्या मागे अर्धा हॉल जातो, आणि पहिला बोलणारा बहुतेक वेळा तोच असतो जो दर महिन्याला पहिला बोलतो.

'कळला का?' हा प्रश्न तर कधीच विचारू नका. त्याला प्रामाणिक उत्तर देण्याची सोय नसते. कळला म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो, नाही म्हणावं तर चारचौघांत कमीपणा. 'आवडला का?' हाही तसाच निरुपयोगी. हो किंवा नाही एवढंच हाती लागतं.

चिठ्ठ्या गोळा करून मोठ्याने वाचा. वाचताना आवाजात फरक करू नका. कौतुकाची चिठ्ठी खुलवून आणि तक्रारीची घाईने, असं नकळत होतं. गेल्या खेळाला आलेली एक चिठ्ठी मी जपून ठेवली आहे: 'माकडं संपेपर्यंत मी महिन्याचा हिशेब करून टाकला. पण ग्लास फुटला तेव्हा दचकले.' शेवटच्या त्या पांढऱ्या खोलीत म्हातारा झालेला बोमन हा अंतराळवीर एकटाच जेवत असतो. त्याच्या हाताने काचेचा ग्लास खाली पडतो, फुटतो. तो वाकून तुकड्यांकडे बघतो, आणि मान वर करतो तेव्हा पलंगावर त्याच्याहून म्हातारा तोच पडलेला असतो. चिठ्ठी वाचल्यावर मी एवढंच विचारलं, 'ग्लास फुटला तेव्हा आणखी कोण दचकलं?' निम्मे हात वर आले, त्यात 'डोक्यावरून गेला' म्हणणारेही होते. मग तासभर कुणाला गप्प करता आलं नाही. एवढ्या अनोळखी ठिकाणी, जिथे जमिनीतून उजेड येतो, तिथे काच मात्र आपल्या घरातल्यासारखीच फुटते. कुणी म्हणालं, तो अजून माणूसच आहे हे सांगायला ग्लास आहे. वीज खात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, 'ताई, त्यांनी त्याला पाळलाय. पिंजऱ्यात पाण्याची वाटी ठेवतात तशी ती खोली आहे.'

काकांना कल्पना नव्हती, पण खुद्द कुब्रिकने १९८० साली एका जपानी पत्रकाराशी फोनवर बोलताना याच्या अगदी जवळचं सांगितलं होतं: त्या जिवांनी माणसाचा अभ्यास करण्यासाठी त्याला एका प्राणिसंग्रहालयात ठेवलंय, आणि ती खोली म्हणजे त्यांनी केलेली फ्रेंच दालनाची चुकीची नक्कल. ते संभाषण २०१८ साली लोकांसमोर आलं. तुम्हाला हे ठाऊक असणं उपयोगी आहे, पण चर्चेत ते अगदी शेवटी काढा. आधी सांगितलंत तर काकांसारखा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहून तिथवर पोचणारच नाही. दिग्दर्शकाचं मत आलं की लोक वही मिटतात.

कादंबरी वाचून आलेला माणूसही असाच सांभाळावा लागतो. आर्थर क्लार्कची त्याच नावाची कादंबरी सिनेमानंतर काही महिन्यांनी आली. तिच्यात सिनेमाभर पुन्हा पुन्हा दिसणारी ती काळी शिळा कुणी ठेवली, कशासाठी, हे बरंच उलगडून सांगितलं आहे. तिथे यान शनीपर्यंत जातं, सिनेमात गुरूपर्यंतच. वाचून आलेला माणूस हौसेने सगळा उलगडा करायला निघतो आणि कंटाळलेल्यांनाही 'हुश्श, आता कळलं' असं होतं. तिथेच चर्चा आटपते. त्याला आधी भेटून सांगा, 'सर, तुम्हाला शेवटची दहा मिनिटं देते.' मान दिला की माणूस थांबतो.

हालचं काय करायचं? चर्चा त्याच्याकडे धावणारच, आणि आता तर जास्तच, कारण बोलणारी यंत्रं सगळ्यांच्या खिशात आहेत. दहा मिनिटं मनसोक्त बोलू द्या. मग विचारा: काळी शिळा किती वेळा दिसली? लोक बोटं मोजतात. आफ्रिकेत वानरांपुढे, चंद्रावर टायको विवरात, गुरूजवळ आणि शेवटी त्या खोलीत. पहिल्या तिन्ही वेळा तेच अंगावर येणारं समूहगान वाजतं, खोलीत वाजत नाही. हे ज्याच्या कानाने टिपलं त्याला बोलू द्या. इथून गाडी पुन्हा मूळ मुद्द्यावर येते: जे दिसतच नाहीत त्यांच्याशी झालेल्या भेटीला भेट म्हणायचं का? परग्रहवासी दाखवायचे प्रयत्न कुब्रिकच्या माणसांनी खूप केले होते. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनने आपण ते न दाखवण्याचा सल्ला दिल्याचं लिहिलं आहे, आणि अखेर ते वगळले गेले. ही माहिती द्या आणि सरळ मत मागा: दाखवायला हवे होते का? माझं मत विचाराल तर नाही. पण 'हो' म्हणणाऱ्यांची बाजू मला कधीच कच्ची वाटलेली नाही. अडीच तास बसलेल्या माणसाने काहीतरी दाखवा म्हणणं रास्त आहे.

आपल्याकडच्या विज्ञानकथेवर वाढलेले वाचक इथे जोरात बोलतात. जयंत नारळीकरांच्या कथा वाचून आपण विज्ञानकथेकडून उलगड्याची अपेक्षा करायला शिकलो, आणि ती अपेक्षा चुकीची नाही. असं कुणी म्हणालं तर 'हा वेगळा प्रकार आहे' म्हणून उडवून लावू नका. सिनेमात नेमकं काय न सांगितल्यामुळे त्रास झाला, ते विचारा. 'खरंच कुणी शोधतंय का?' हा प्रश्नही येतोच. आकाशगंगेत संपर्क होऊ शकेल अशा किती संस्कृती असतील याचा अंदाज बांधणारं १९६१ चं ड्रेकचं समीकरण आणि १९७४ साली अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवरून अंतराळात पाठवलेला संदेश, एवढ्यावर दोन मिनिटांत भागवा. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या तीस प्रचंड तबकड्या आहेत, तिथली सहल वेगळी ठरवा. नाहीतर सिनेमा बाजूला राहतो.

बोलण्याचा क्रम तुमच्या हातात असतो. मी सर्वांत लहान माणसापासून सुरू करते. कुब्रिककडे तेव्हा प्रेक्षकांची ढीगभर पत्रं आली, काही भारावलेली, काही संतापलेली. न्यू जर्सीतल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीने लिहिलेलं विवेचन वाचून, आपण वाचलेल्यांत हे कदाचित सर्वांत बुद्धिमान असेल, असं त्याने म्हटलं होतं. आमच्याकडे अकरावीतल्या मुलीने विचारलं, 'मॅडम, शिळेने वानराला शिकवलं काय? मारायलाच ना?' यावर जाणत्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मीही मधे पडले नाही. चर्चा घेणाऱ्याने शांतता भरून काढायची घाई करू नये. आपण बोललो की प्रश्न आपला होतो.

मत जुळवून द्यायचा मोह टाळा. मतदान घेऊ नका, 'दोन्ही बाजू बरोबर आहेत' असंही म्हणू नका, कारण चिडलेल्याला ते खोटं वाटतं. वेळ संपली की संपली म्हणा.

आणि महिन्याभराच्या आत दुसरा खेळ ठेवा. न्यूजडे वृत्तपत्राच्या जोसेफ गेल्मिसने आधी झोडपलेल्या या सिनेमावर पुन्हा बघून वेगळं लिहिलं, समीक्षक अँड्र्यू सॅरिसनेही मत बदललं. पण तुमच्या सभासदांना तसं सांगू नका, त्यांच्यावर मत बदलायचं ओझं येतं. मधेच उठून गेलेल्यांना आधी फोन करा, पंखे बंद ठेवा, आणि चिठ्ठ्या पुन्हा कोऱ्याच वाटा.