गाडीत अल्कोहोल इंटरलॉक बसवताय? या चुका टाळा

नांदेड-पुणे, लातूर-पुणे धावणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स, वाळूज एमआयडीसीत कामगार सोडणाऱ्या बस, दिवाळीनंतर कारखान्यांच्या दारात रांगा लावणारे उसाचे ट्रक. मराठवाड्यात गाडी एकाच्या नावावर आणि स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, हे नेहमीचंच. म्हणून आता मालक लोक अल्कोहोल इंटरलॉकची चौकशी करायला लागले आहेत. चालकाने नळीत फुंकायचं. श्वासात ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दारू निघाली तर स्टार्टर फिरत नाही. यात नवं असं काही नाही. व्होल्वोने आपल्या गाड्यांसाठी असं यंत्र २००७ सालीच जाहीर केलं होतं आणि फ्रान्समध्ये प्रवासी बसना ते २०१५ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे सक्ती नाही. ज्याला वाटेल तो बसवतो, आणि बसवतो तेही वाटेल तसं. मग महिनाभरात ‘मशीन फालतू निघालं’ म्हणून वायर तोडून मोकळा होतो.

वायर कुठे कापली, ते आधी बघा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंटरलॉकचा रिले, म्हणजे लाइन जोडणारा-तोडणारा स्विच, स्टार्टरच्या लाइनवर बसला पाहिजे. काही इलेक्ट्रिशियन मात्र सोपं पडतं म्हणून इग्निशनची किंवा डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची लाइन धरतात. गाडी सुरू होते, चाचणी पास होते, मालक खूश. पण हे यंत्र चालत्या गाडीतही मधूनमधून पुन्हा फुंकायला सांगतं. समजा, भरलेली बस मांजरसुंब्याचा घाट उतरतेय, चालकाने फुंकलं नाही, आणि चुकीच्या लाइनमुळे इंजिनच बंद पडलं. स्टिअरिंग दगडासारखं जड होईल. छोट्या गाडीत दोन-तीनदा पाय मारला की ब्रेकला जोर देणारा बूस्टर संपतो. एअर ब्रेकच्या गाडीत कॉम्प्रेसर थांबतो आणि टाकीत असेल तेवढीच हवा उरते. दारू प्यायलेल्या चालकापेक्षा हे बरं, असं कोण म्हणेल?

नीट बसवलेलं यंत्र चालती गाडी बंद करत नाही. पुन्हा फुंकायला काही मिनिटांची मुदत देतं, म्हणजे गाडी कडेला घेता येते. तरीही फुंकलं नाही किंवा रीडिंग जास्त आलं, तर हॉर्न आणि लाइट सुरू करून गोंधळ घालतं आणि सगळं नोंदवून ठेवतं.

बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी यार्डातच, त्याच्यासमोर हे करून बघा. गाडी सुरू करा, न्यूट्रलमध्ये हँडब्रेक लावा आणि हँडसेटची, म्हणजे ज्यात फुंकतात त्या भागाची, पिन काढा. इंजिन चालूच राहिलं पाहिजे. मग चावीने बंद करा, न फुंकता परत सुरू करायला यंत्र काही मिनिटं देत असेल तर ती संपू द्या, आणि पिन न लावता परत स्टार्टर मारा. आता गाडी सुरू होता कामा नये. पहिल्या वेळी इंजिन बंद पडलं किंवा दुसऱ्या वेळी सुरू झालं, तर जोडणी चुकली आहे. बिल भागवू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर हार्नेस (गाडीच्या वायरांची जुडी) कापण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. नंतर इलेक्ट्रिकलचा कुठलाही बिघाड झाला तरी बोट त्या कापलेल्या वायरकडेच दाखवतात.

स्वस्त सेन्सर

ऑनलाइन हजार-दोन हजारात मिळणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये सेमीकंडक्टर सेन्सर असतो. त्याला दारूही कळते, अत्तरही, सिगारेटचा धूरही आणि पेट्रोलची वाफही. वर थोड्याच दिवसांत त्याचं रीडिंग भरकटतं. फ्युएल सेलचा सेन्सर महाग असतो, पण भरवशाचा. त्यात प्लॅटिनमच्या पत्र्यावर अल्कोहोलची रासायनिक क्रिया होऊन बारीक करंट तयार होतो, आणि त्या करंटवरून प्रमाण कळतं. पण त्यालाही कॅलिब्रेशन, म्हणजे रीडिंग तपासून बरोबर लावून घेणं, लागतंच. ते किती महिन्यांनी करायचं हे पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते कोण करून देणार हे विकत घेण्याआधी विचारायचं असतं. मुंबईला पाठवावं लागणार असेल तर तेवढे दिवस गाडी कशावर चालवणार?

‘मी तर घेतलीच नाही’

असं म्हणणारा चालक दर वेळी खोटं बोलत असतो असं नाही. माउथवॉश, खोकल्याचं काही औषध, नुकतंच हाताला चोळलेलं सॅनिटायझर, बंद केबिनमध्ये मारलेला स्प्रे, यातल्या कशानेही रीडिंग वर जातं. तोंडात रेंगाळलेला अल्कोहोल साधारण १५ मिनिटांत उडून जातो. म्हणून पहिलं रीडिंग जास्त आलं की काचा खाली करा, साध्या पाण्याने चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा आणि परत फुंका. दारू रक्तातच असेल तर पंधरा मिनिटांनी आकडा जवळपास तेवढाच राहतो. तोंडातली असेल तर कोसळतो. खरंखोटं करायला बहुतेक वेळा दुसरं काही लागत नाही.

गुटखा-तंबाखूचा प्रश्न वेगळा. आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी यातूनच येत असाव्यात, असा माझा अंदाज आहे. तोबरा भरून फुंकलं की लाळ आणि चुरा नळीत जातो, हवा पुरेशी पोचत नाही आणि स्क्रीनवर ‘नमुना अपुरा’ येतं. तोंड धुऊनच फुंकायचं, आणि प्रत्येक चालकाची नळी वेगळी ठेवायची.

नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करणारे चालकही बरेच असतात. लांबलेल्या उपवासात शरीर चरबी जाळतं, श्वासात किटोन येतात आणि स्वस्त सेन्सर त्यालाच दारू समजू शकतो. मधुमेह बेताबाहेर गेला असेल तरी असंच होतं. तेव्हा दारूचा वास नाही, पंधरा मिनिटांनीही आकडा तसाच, असं झालं तर शिव्या घालण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या.

मे महिन्यात परभणीच्या उन्हात दिवसभर बंद उभ्या असलेल्या गाडीचं केबिन भट्टीसारखं तापतं. हँडसेट निघत असेल तर डॅशबोर्डवर ठेवू नका.

रात्रीची सकाळी उतरत नाही

‘मालक, साडेअकराला जेवून झोपलो, आता पाच वाजलेत. मशीनच खराब दिसतंय.’

मशीन ठीक असतं. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये, व्हिस्की ४२.८ टक्क्यांची धरली तर, साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल जातो. ७० किलोच्या माणसाने ती घाईत संपवली तर १०० मिली रक्तात अंदाजे १२५ मिलिग्रॅमपर्यंत पोचते. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम कमी करतं. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम. तिथे यायलाच सहा-साडेसहा तास. दोन क्वार्टर झाल्या असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजतात. लिंबूपाणी, कडक चहा, थंड पाण्याची अंघोळ यातलं काहीही हा वेग वाढवत नाही. झोपही नाही.

यंत्राची मर्यादा ३० वरच लावून ठेवणं हीसुद्धा चूक. रीडिंगमध्ये थोडा फरक राहतोच, म्हणून ती त्याच्या बरीच खाली ठेवा. आणि ‘आमच्या मशीनने पास केलं होतं’ हे नाक्यावर चालत नाही. पोलिसांच्या ब्रेथ ॲनालायझरचं रीडिंग वेगळं घेतलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, ते वेगळंच.

क्लीनरचा श्वास

चालकाने प्यायची आणि क्लीनरने फुंकायचं, ही सर्वात जुनी युक्ती. कॅमेरा असलेलं मॉडेल घ्या. फुंकताना फोटो निघतो. फुगा किंवा पंप लावला तर चांगलं यंत्र श्वासाची उष्णता आणि ओल तपासून तो ओळखतं. धक्का मारून सुरू केलेली जुनी डिझेल गाडी मात्र कुठलाही स्टार्टर-रिले रोखू शकत नाही. इंजिन चालू आहे पण चाचणी झालेली नाही, एवढी नोंद तेवढी राहते. ती नोंद कुणी उघडून बघतच नसेल, तर यंत्र नुसतं शोभेला. आणि न फुंकता गाडी सुरू करून देणारा आणीबाणीचा बायपास कोड? तो बऱ्याच ऑफिसांत भिंतीवर लिहिलेला असतो. एकाच माणसाकडे ठेवा आणि वापरला की बदला.

शेवटी, पहाटे पाच वाजता गाडी लॉक झाली, चाळीस प्रवासी बसून आहेत, तेव्हा गाडी कोण नेणार, हे आदल्या दिवशीच ठरलेलं हवं. बदली चालक ठेवलेला नसेल तर सहाव्या मिनिटाला तो बायपास कोड वापरला जाईल, आणि बहुतेक मालकच फोनवरून सांगेल.