गावठी कोंबडी: आधी शेडमध्ये, मग कुळागरात

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पिल्लांनाही पहिल्या दिवसापासून मोकळं सोडतात. मांस चवदार होतं, पण पाच-सहा महिन्यांनी कोंबडा जेमतेम सव्वा किलोचा भरतो. मुंगूस आणि घार नेतात ते वेगळंच. शेडमधलं पिल्लू वजन लवकर धरतं, कारण खाल्लेलं हिंडण्यात जिरत नाही. पण कायम कोंडलं तर पोटात चरबी साठते, मांसही मऊ पडतं. म्हणून मी दोन्ही पद्धती जोडते.

पहिले आठ आठवडे शेडमध्येच. वाढ कशी होणार ते इथंच ठरतं, त्यामुळं खाद्यात कंजुषी करू नका. सुमारे वीस टक्के प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य द्या. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंशांची ऊब ठेवा, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करा. पिल्लं बल्बखाली गर्दी करत असतील तर ऊब कमी पडतेय, लांब पळत असतील तर जास्त झालीय. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, टाळण्यासाठी पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस चुकवू नका. हा रोग आख्खं खुराडं रिकामं करतो.

नंतर दिवसा कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत सोडा. पोफळींखालच्या पाचोळ्यात किडे, वाळवी, कोवळा पाला मिळतो आणि तंगडी घट्ट होते. सकाळी खाद्य थोडंच टाका. कणी आणि मका संध्याकाळी पोटभर, म्हणजे सगळी आपणहून परततात. विकण्याआधीचे दोनेक आठवडे फिरणं कमी करून मका वाढवला की अंग भरतं.

आपल्याकडं हिशेब पावसाचा धरावा. जून ते सप्टेंबर शेडमध्ये अंथरलेलं तूस ओलं राहतं, अमोनियाचा वास मारतो, रक्ती हगवण लागते. तूस रोज खालीवर करा, ओलं झालेलं काढून टाका. मी तर दसऱ्याच्या सुमारालाच खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवते. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात, शिगमो (शिमगा) सरल्यावर कोंबडे विकायला होतात आणि पावसाआधी शेड मोकळी होते.

कापण्याआधी आठ-दहा तास खाद्य बंद ठेवा, पाणी चालू असू द्या. मग जिवंत वजन घ्या आणि साफ केल्यावर पुन्हा तोला. दीड किलोच्या कोंबड्याचं किलोभर मांस पडलं तर उतारा ६७ टक्के झाला. मोकळ्या आणि शेडमधल्या पक्ष्यांचे आकडे वहीत वेगळे लिहा, आणि गिऱ्हाईकाला भाव सांगताना ती वही समोर ठेवा.