पाट्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावरच आवळावेत
जुन्या पिकअपचे पाटे (लीफ स्प्रिंग) घरी बदलल्यावर त्यांच्या टोकांतले नवे रबरी बुश (सांध्यातली रबरी नळी) लवकर फाटतात, कारण शॅकलचे (पाट्याचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बोल्ट गाडी उचललेली असतानाच पूर्ण आवळले जातात आणि गाडी खाली येताच बुशमधले रबर कायमचे पिळलेले राहते. म्हणून नट आधी फक्त टेकवावेत, चाके बसवून गाडी सपाट जमिनीवर उतरवावी, मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडावा आणि मगच बोल्ट पक्के करावेत. एवढा धीर धरलाच पाहिजे. पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र नवेच घालावेत. ते पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत मापाने मागावेत आणि थोडी गाडी चालवल्यानंतर त्यांचे नट पुन्हा तपासावेत. चासी (गाडीचा सांगाडा) भक्कम स्टँडवर टेकवल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर, गाडीखाली कधीही शिरू नये.