क्रोन्समध्ये आतडं भरतंय की नाही, ते कसं पाहायचं

क्रोन्स म्हणजे आतड्याला सूज आणि व्रण आणणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार. त्यात स्टेरॉइड सुरू झालं की पंधरवड्यात जुलाब थांबतात, भूक लागते आणि घरातले म्हणतात, 'बरा झाला.' फसगत इथेच होते. दुखणं उतरलं तरी आतले व्रण बहुधा तसेच असतात. ते भरले, तरच पुढे ऑपरेशनची वेळ कमी येते.

उपचाराआधीच वजन, सीआरपी (रक्तातून सूज कळणारी तपासणी) आणि शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) लिहून ठेवा. पहिला आकडा नसेल तर पुढच्याची तुलना कशाशी करणार? मग साधारण तीन महिन्यांनी पुन्हा. कॅल्प्रोटेक्टिन २५०च्या वर राहिलं तर पोट शांत असूनही डॉक्टरांना दाखवा. नमुना सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्या. देशी संडासात आधी प्लास्टिक अंथरा, लघवी-पाणी लागू देऊ नका. लॅब शक्यतो एकच ठेवा, किटनुसार आकडे बदलतात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनने आकडा वाढतो, आजारही उसळू शकतो. अंगदुखीला पॅरासिटामॉल बरं. आजार फक्त लहान आतड्यात असेल तर कॅल्प्रोटेक्टिन कमी येऊनही व्रण असू शकतात, तिथे एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा एमआरआय लागतो. खरा निकाल सहा ते बारा महिन्यांनंतरच्या कोलोनोस्कोपीचा.

आपल्याकडे आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. टीबीची औषधं दिली असतील तर दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरलेत का ते बघतात; नुसतं बरं वाटण्यावर निदान ठरवत नाहीत. इन्फ्लिक्सिमॅब हे क्रोन्सचं, प्रतिकारशक्ती दाबणारं सलाइनमधून द्यायचं औषध; त्याआधी छातीचा एक्स-रे आणि इग्रा (लपलेला टीबी शोधणारी रक्ततपासणी) हवीच. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना कोल्हापुरातल्या गंगावेशीतलं धारोष्ण दूध बंद! कच्च्या दुधातून टीबीसह इतर जंतूही येतात. उकळून खुशाल प्या.

ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, कारण भारतीयांत काहींच्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. केस झुपक्यानं हातात येऊ लागले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी फोन करा. स्टेरॉइड मात्र आपल्या मनानं अचानक सोडायचं नाही, ते डोस हळूहळू उतरवतच बंद होतं. इन्फ्लिक्सिमॅब शून्य, दोन, सहा आठवड्यांना आणि मग दर आठ आठवड्यांनी. मुदतीआधीच त्रास परतला तर औषध बदलण्यापूर्वी रक्तातली त्याची पातळी आणि त्याच्याविरुद्ध शरीरानं केलेल्या अँटिबॉडी तपासायच्या का, ते विचारा.

मिसळीच्या कटानं व्रण होत नाहीत. सोसत असेल तर थोडी खा. सिगारेट मात्र सोडाच, तिनं आजार बळावतो. आतडं अरुंद झालं असेल तर ऊस चावणं, मक्याचं कणीस, न चावता गिळलेले शेंगदाणे टाळा, चोथा अडकतो. व्रणाचा वण आखडून झालेला अडथळा औषधानं सुटत नाही, फुग्यानं रुंद करावा लागतो किंवा कापावा लागतो. पोट फुगलं, कळा येऊन उलट्या झाल्या आणि वारा सरेनासा झाला तर काही खाऊ-पिऊ न देता सीपीआर (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.