जुना फ्रिज योग्य तापमानावर कसा आणावा: आधी थर्मोस्टॅट, मग गॅस

जुना फ्रिज थंड करेना की सल्ला ठरलेला: "गॅस संपला असेल, भरून घ्या." फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. तेव्हा गॅसचं नाव सगळ्यात शेवटी काढायचं.

हे सगळं एका दाराच्या, वर बर्फाचा कप्पा असलेल्या आणि हाताने डीफ्रॉस्ट करायच्या फ्रिजबद्दल आहे. खालच्या भागात ३ ते ४ अंश सेल्सिअस हवं, ५ च्या वर नको. बर्फाच्या कप्प्याकडून आजच्या फ्रीझरसारख्या उणे १८ अंशांची अपेक्षा ठेवू नका.

फ्रिज आडवा करून आणला असेल तर २४ तास उभा राहू द्या, तेल कॉम्प्रेसरमध्ये (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपात) परत उतरतं. मागची जाळी ब्रशने झाडा, भिंतीपासून किमान ५ सेंटीमीटर अंतर सोडा. वायरचं रबर किंवा कापड तडकलं असेल तर वायर बदला आणि अर्थिंग द्या. फ्रिजच्या माहितीच्या पाटीवर ११५ व्होल्ट लिहिलंय आणि घरात २३० आहे, तर ट्रान्सफॉर्मरशिवाय प्लग लावायचा नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असू शकतं. दोन्ही विषारी, म्हणून नळी कापायची नाही, पिन मारून भोकही पाडायचं नाही.

फ्रिज चालू करा. बंद केल्यावर पुन्हा लावायच्या आधी ५ मिनिटं थांबायचं, नाहीतर दाब समान झालेला नसतो आणि कॉम्प्रेसर अडतो. थांबूनही नुसती घरघर आणि 'टक्' असा आवाज येत असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा स्विच), ओव्हरलोड (तो तापला की वीज तोडणारा स्विच) किंवा कॉम्प्रेसर तपासा.

दोन तासांनी बर्फाच्या कप्प्याचा पत्रा बघा. सगळीकडे सारखा पातळ बर्फ धरला असेल तर गॅस ठीक आहे. एका कोपऱ्यातच बर्फाचा पट्टा धरला आणि बाकी पत्रा कोरडा, तर गळतीचा संशय घ्या.

दारासाठी कागदाची पट्टी दारात धरून ओढा. चारही बाजूंना ती अडखळत निघाली पाहिजे. खटक्याच्या दाराच्या रबरात चुंबक नसतो, तिथे खटका ज्यात अडकतो ती पट्टी सरकवून दार घट्ट करायचं. हा खटका आतून उघडत नाही. लहान मुलं आत अडकून दगावल्यामुळे अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला आणि आतून उघडणारी दारं सक्तीची झाली. वापरात नसलेल्या फ्रिजचा खटका काढूनच टाका.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे गारव्यानुसार कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच. घोळ होतो तो इथेच.

नॉबमागच्या डबीतून एक बारीक तांब्याची नळी निघते आणि तिचं टोक बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्याला क्लिपने दाबलेलं असतं. टोक गार झालं की नळीतला दाब उतरतो, डबीतला छोटा भाता आक्रसतो, विजेचा संपर्क तुटतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. म्हणजे थर्मोस्टॅट दुधाचं किंवा हवेचं तापमान मोजतच नाही, पत्र्याचं मोजतो. नॉबवरचे आकडेही अंश नव्हेत.

क्लिप ढिली झाली की टोक पत्र्यापेक्षा उबदार राहतं. मग कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि खालचं दूधसुद्धा गोठतं. लोक नॉब कमी करत बसतात, फरक पडत नाही. प्लग काढा, बर्फ वितळू द्या, पत्रा आणि टोक पुसा. शेवटचे १० ते १५ सेंटीमीटर पत्र्याला सपाट टेकवून मूळ क्लिपचा स्क्रू आवळा. चिकटपट्टी लावू नका. गारठ्यात ती सुटते, आणि टोकाखाली गेली तर थंडी अडवते.

उलटा दोषही होतो. या नळ्यांमध्ये बहुधा बाष्प भरलेलं असतं, त्यामुळे नळीचा जो भाग सगळ्यात गार, त्याचंच ती ऐकते. मधला भाग पत्र्याला टेकला तर फ्रिज वेळेआधी बंद होतो. त्या भागावर प्लॅस्टिकची नळी असते ती यासाठीच. जीर्ण झाली म्हणून सोलून टाकू नका. आणि नळी वाकवताना मोठं वळण द्या. एकदा चेपली की गेली. नळीतला वायू निघून गेला तर संपर्क जुळतच नाही, कॉम्प्रेसर चालूच होत नाही. खात्रीसाठी प्लग काढून थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडा, टेप गुंडाळा, मग प्लग लावा. कॉम्प्रेसर चालला तर थर्मोस्टॅट मेलाय. नवा घेताना नळीची लांबी आणि चालू-बंद होण्याची तापमानं जुळवा, नुसतं बाह्यरूप नको.

मोजायचं कसं? हवेत लटकवलेला थर्मामीटर दार उघडताच उड्या मारतो. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा, पाण्याच्या बाटल्यांनी फ्रिज अर्धा भरा, नॉब मध्यावर ठेवा. सकाळी दार उघडल्या उघडल्या आकडा वाचा. एका दिवसात एकच बदल. तासातासाला नॉब फिरवणाऱ्याचा फ्रिज कधीच जागेवर येत नाही.

नॉब दोन्ही टोकांना नेऊनही ३-४ अंश जमत नसेल तरच डबीवरच्या स्क्रूकडे वळा. अनेक जुन्या थर्मोस्टॅटवर असे दोन स्क्रू असतात: एक बंद होण्याचं तापमान वरखाली करतो, दुसरा चालू आणि बंद यांतलं अंतर. दुसऱ्याला हात लावू नका; अंतर कमी झालं की कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन जळतो. पहिल्याची मूळ जागा पेनाने खुणा करून ठेवा, मगच अष्टमांश फेरा द्या. दिशा प्रत्येक बनावटीत वेगळी, म्हणून पुन्हा एक रात्र, पुन्हा आकडा. उंच डोंगरावर तोच फ्रिज जास्त गार होतो, कारण भात्यावर बाहेरून येणारा हवेचा दाब तिथे कमी असतो.

वरची फळी गोठते आणि तळ कोमट राहतो, तेव्हा नॉब निर्दोष असतो. बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे हरवलाय का बघा. थंड हवा थेट खाली पडण्यापासून तोच अडवतो. फळ्यांवर कागद किंवा प्लॅस्टिक अंथरलं असेल तर काढा.

बर्फ ६ मिलिमीटर झाला की डीफ्रॉस्ट करा, गरम पाण्याचं भांडं ठेवून. सुरीने बर्फ खरवडला की कप्प्याच्या पत्र्याला भोक पडतं, आणि मग खरोखरच गॅस जातो.

एवढं करून बर्फ पत्र्यावर अर्धवटच धरत असेल तर मेकॅनिक बोलवा आणि गळती सापडल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. आर-१२ या जुन्या गॅसच्या फ्रिजमध्ये त्याने नुसता आर-१३४ए हा नंतरचा गॅस भरायची तयारी दाखवली तर नकार द्या. जुन्या कॉम्प्रेसरमधलं खनिज तेल त्या गॅसमध्ये मिसळत नाही, ते नळ्यांतच अडकतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो.